बाच्या होडीतली डबी

माझा स्वभाव काळजीचा, हे आमच्या खाडीकाठच्या कोपरीत कुणीही सांगेल. घरातलं माणूस दहा मिनिटं उशिरा आलं, की तेवढ्यात माझ्या डोक्यात त्याचा दहावा-बारावा उरकलेला असतो. आई म्हणायची, मंदे, तुझ्या पोटात जन्मापासून उंदीर आहे, तो सारखा कुरतडतो. पंच्याण्णव साली बाने त्या उंदराला भरपूर खायला घातलं.

बा म्हणजे माझा बाप, धाकू. पासष्टीचा, काटक आणि कुणाच्या बापाचं न ऐकणारा. मीठबंदरावरून रोज एकट्याने होडी खाडीत घालायचा, पलीकडच्या तिवरांच्या कडेला खुंटांना जाळं बांधायचा आणि कोळंबी, चिंबोऱ्या, जे मिळेल ते घेऊन यायचा. त्या वर्षी गणपती गेल्यानंतर एका सकाळी तो होडीतच चक्कर येऊन पडला. होडी भरतीबरोबर वाहत कळव्याच्या पुलापर्यंत गेली. शुद्धीवर आल्यावर तो गुमान वल्हवत परत आला आणि ही गोष्ट आम्हाला चौथ्या दिवशी सांगितली, तीही जेवताना, पुलाखालचं पाणी किती घाण झालंय हे सांगण्याच्या ओघात. डॉक्टरने रक्तदाब मोजला आणि एकट्याने पाण्यावर जायचं नाही असं बजावलं. बाने शहाण्यासारखी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे होडी सोडली.

मी त्याच्याशी भांडले, बोलणं टाकलं, एकदा वल्हं लपवून ठेवलं. त्याने शेजारच्या पंढरीचं मागून नेलं. मला बरोबर ने म्हटलं, तर म्हणाला की तुला होडीत नीट बसता येत नाही, तुला सांभाळू की जाळं सांभाळू. हे मात्र खरं होतं. जातीने मी कोळीण, पण वयाच्या अठराव्या वर्षापासून वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात इंटरकॉमच्या बोर्डांवर सोल्डरिंग करत आलेली. लग्न केलं नाही, खाडीत पाय घातला नाही. मला मासळीतलं खाण्यापुरतं कळायचं आणि पाण्यातलं तेवढंही नाही.

मला कळायचं ते वायर आणि ट्रान्झिस्टरमधलं. घरी मी हौसेने काही ना काही जोडत बसायची. दारावरची बेल, टाकी भरली की ओरडणारी पिपाणी, असली कामं. तेव्हा ठरवलं की बाच्या होडीत एक एवढासा ट्रान्समीटर ठेवायचा. होडी हलली की त्याने टुक करावं आणि ते टुक आमच्या घरातल्या एफएम रेडिओवर ऐकू यावं. माणूस काम करतोय तर होडी हलणार. माणूस आडवा झाला तर होडी गप्प. मला हे इतकं सरळ वाटलं, की आधी कसं सुचलं नाही म्हणून मी स्वतःलाच दोष दिला.

सामान लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आणलं. तांब्याचा थर असलेल्या बोर्डाच्या तुकड्यावर नेलपॉलिशने रेघा काढल्या. नेलपॉलिश माझ्या शेजारी बसणाऱ्या व्हेरोनिकाचं, गडद लाल. तो तुकडा रसायनात बुडवला की नेलपॉलिशखालचं तांबं राहतं आणि बाकीचं विरघळून जातं. हे मी आईच्या कालवणाच्या टोपात केलं, त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला. बॉलपेनच्या रिफिलवर तार गुंडाळून कॉइल केली. हलणं ओळखायला इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत सायकलच्या बेअरिंगचा छर्रा टाकला. बाटली कलली की छर्रा घरंगळून दोन तारांना टेकायचा आणि बोर्ड जागा व्हायचा. एक टुक करून लगेच झोपायचा. हे झोपणंच माझ्या अभिमानाची गोष्ट होती. सतत बोलत ठेवला असता तर नऊ व्होल्टची बॅटरी दिवसभरही पुरली नसती. माझी पंधरा दिवस सहज टिकत होती. हे सगळं साबणाच्या लाल प्लॅस्टिकच्या डबीत बसलं. ती बघून बाने विचारलं, आंघोळ मी करायची का मासळीने.

दिवाळी संपल्यावर पहिल्याच शुक्रवारी मी चाचणी घेतली. आम्हाला इस्टेटमध्ये शुक्रवारची सुट्टी, म्हणून माझी सगळी स्वतःची कामं शुक्रवारची. आठच्या सुमारास मीठबंदरावर बांधून ठेवलेल्या होडीत डबी ठेवली आणि घरी येऊन तासभर रेडिओला कान लावला. नुसती खरखर, एक टुक नाही. नंतर पाणी चढल्यावर बा होडीत बसून फेरी मारून आला, तेव्हा टुक-टुक व्यवस्थित आलं. मी वहीत लिहिलं की रिकामी होडी गप्प, माणूस असला की आवाज. खाली दोन रेघा मारल्या.

सोमवारपासून डबी बाबरोबर जायला लागली. मी कामावर, त्यामुळे ऐकायचं काम आईचं. माझी आई जनाबाई, तिने रेडिओ स्वयंपाकघरातल्या खिडकीत टांगला. पहिला आठवडा बरा गेला, पण दुसऱ्या मंगळवारी घोटाळा झाला. पाऊण तास आवाज नाही म्हटल्यावर आई कासावीस होऊन पंढरीकडे धावली आणि त्याला खाडीत पिटाळलं. पंढरी घाम गाळत पोचला, तर बा होडीत बसून विडी ओढत चिंबोऱ्या निवडतोय. खारं पाणी बाटलीत शिरून छर्रा गंजून चिकटला होता. त्या दिवशी आमच्या गल्लीने बाची इतकी मस्करी केली, की मुलीने तुला घंटा बांधलीय का रे, असं लहान-मोठे सगळेच विचारायला लागले. संध्याकाळी मी घरी आले तर डबी माझ्या उशीवर पडली होती आणि बा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

मी दोन दिवसांत डबी दुरुस्त केली. बाटलीचं तोंड मेणाने बंद केलं. आणि पुन्हा असा उगाचच गप्पपणा नको, म्हणून बाटली अगदी आडवी बसवली, म्हणजे होडी जराशी जरी कलली तरी छर्रा घरंगळावा. टेबलावर बोटाने ढकलून पाहिलं, टुक. फुंकर मारून पाहिली, तरी टुक. मला फार बरं वाटलं.

राहिला होता बा. त्याला मनवायला मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि आजवर ज्या बोलण्याची मला लाज वाटते ते बोलले.

"बा, ही डबी होडीत असली ना, की तू एकटा नाहीस. तिकडे तुला काय पण झालं तरी मला इथे घरात कळणार. मी लगेच येणार."

माझी डबी एवढं काही करत नव्हती. ती फक्त टुक करत होती. पण बाला हो म्हणायला लावायचं होतं आणि त्या वेळी मला स्वतःलाही ते खरं वाटलं असावं. त्याने डबी उचलून आपल्या जाळ्याच्या टोपलीत टाकली.

पुढचे पंधरा दिवस मी जरा माणसात आले. दुपारचा डबा मला नीट जाऊ लागला. व्हेरोनिका म्हणाली, तुझ्या गालावर मांस चढलंय. शुक्रवारी मी घरी असले तरी रेडिओ आईकडेच असायचा, तिला त्याची सवय लागली होती. भाजी चिरता चिरता ती सांगायची, आता वल्हवतोय, आता थांबला, आता जाळं ओढतोय. मी हसून सोडून द्यायची. टुक सगळे सारखेच, मीच बनवलेले, त्यात हिला काय वेगळं ऐकू येणार?

नोव्हेंबरच्या चोवीस तारखेचा शुक्रवार. आदल्या दिवशी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार झालेला. गुरुवारी बायका उपास धरतात, घरात मासळी शिजत नाही, आणि शुक्रवारी सकाळी त्याच बायका मासळीच्या पाटीवर तुटून पडतात. असा धंदा आई सोडणं शक्य नव्हतं. ती सकाळी लवकर पाटी घेऊन बाजारात गेली आणि जाताना रेडिओ माझ्या स्वाधीन केला. नीट ऐक, एवढंच बोलली. बा त्याच्या आधी अंधारातच गेलेला होता.

मी डोळ्यांत तेल घालून बसतात तशी कानात तेल घालून बसले. साडेसातपर्यंत टुक-टुक येत होतं. मग थोडा वेळ खरखर. घड्याळ समोर ठेवलं आणि मनात ठरवलं की पंधरा मिनिटं थांबायचं, मग पंढरीकडे जायचं. दहा मिनिटं झाली, अकरा झाली. मी चप्पल पायात घातली. तेराव्या मिनिटाला एक टुक आलं, मग दुसरं, मग हळूहळू वाढत गेलं. मी चप्पल काढली आणि भिंतीला टेकून खाली बसले. हसू आलं मला.

साडेआठ-नऊनंतर तर आवाज थांबेचना. टुक, टुक, टुकटुक, टुक. मी म्हटलं, म्हातारा आज जोरात आहे, जाळ्यात बक्कळ लागलेलं दिसतंय. मी भाकऱ्या थापल्या. डाळीला फोडणी दिली. धुणं वाळत घातलं. दोरीवर कपडे टाकताना खिडकीतून आवाज येत होता आणि मी त्या तालावर चिमटे लावत होते. गणपतीपासून इतकी निश्चिंत सकाळ मला मिळाली नव्हती.

साडेदहाला आई आली. पाटी रिकामी, चेहरा फुललेला. दारातच पाटी उतरवली, पदराने मान पुसली आणि पाणी मागितलं. मी तांब्या भरून दिला. तिने तो तोंडाला लावला आणि तसाच खाली घेतला.

"कवा धरनं असा वाजतंय?"

मी म्हटलं, दोन तास तरी झाले असतील, आज बा खूप काम करतोय. ती रेडिओजवळ गेली. डोळे मिटून उभी राहिली. मला तिचा चेहरा आवडला नाही.

"यात तुज्या बाचा हात नाय," ती म्हणाली. "होरी रिकामी हाय, मंदे. मानूस बसला की होरी जड ऱ्हाते. रिकामी होरी हलकी, तीच जास्ती डुलते."

मी वाद घातला. अजूनही आठवलं की स्वतःला मुस्काटात मारावंसं वाटतं. मी म्हटलं, मी चाचणी घेतलीय, रिकामी होडी वाजत नाही, वहीत लिहिलंय. आईने विचारलं, चाचणी कुठे घेतलीस. मी म्हटलं, बंदरावर, सकाळी आठ वाजता. दिवाळीनंतरच्या शुक्रवारी ना, तिने विचारलं, म्हणजे अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी. मी हो म्हटलं. त्या वेळी तिथे पाणी कुठे असतं, ती म्हणाली, होडी चिखलात बसलेली असते.

कोळ्याच्या घरात जन्मून चौतीस वर्षं काढली आणि माझी होडी पाण्यावर आहे की चिखलात हे मी पाहिलं नव्हतं. मी फक्त डबी पाहिली होती. आई तोवर पंढरीच्या दारात पोचली होती.

पंढरी नुकताच खाडीतून येऊन जेवायला बसला होता. तो ताटावरून उठला. बंदराकडे धावताना त्याने सांगितलं की नऊच्या सुमाराला तो त्याच बाजूने परत आला, तेव्हा त्याला तिवरांच्या आड ना होडी दिसली, ना माणूस, ना कुणाची हाक ऐकू आली. हे त्याने आम्हाला धीर द्यायला सांगितलं. त्याने माझा उरलासुरला धीर गेला. उधाणाचे दिवस, पाणी चढत होतं, दुपारी दीडपर्यंत चढत राहणार होतं.

होडीत मी मधल्या फळीवर बसले, रेडिओ माझ्या हातात. घरातून उचललेला तो तसाच आणला होता. पंढरी आणि आई दोघं वल्हवत होते. साठीची बाई, सकाळपासून पाटी वाहिलेली, ती वल्हवत होती आणि मला वल्हं धरता येत नव्हतं. जसजशी तिवरं जवळ आली तसतसा आवाज स्पष्ट होत गेला. खरखर संपली. टुक, टुकटुक, टुक. एवढा स्वच्छ आवाज मी कधीच ऐकला नव्हता. मला तो बंद करायचा होता आणि बटणाला हात लावायची हिंमत होत नव्हती.

होडी दिसली. नांगराच्या दोरीच्या टोकाला ती मोकळी डुलत होती. आत जाळ्याची टोपली, विड्यांचं बंडल, आणि मागच्या बाजूला बांबूला बांधलेली लाल डबी. माणूस नव्हता. आईने वल्हं थांबवलं. ती रडली नाही. तिने बाला नावाने हाक मारली. नवऱ्याचं नाव घेतलेलं मी तिच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

तिवरांच्या मागून उत्तर आलं.

तो छातीपर्यंत पाण्यात होता. एका हाताने तिवराची फांदी धरलेली, दुसरा पाण्यावर ठेवलेला. ओहोटीच्या वेळी खुंटाला अडकलेलं जाळं सोडवायला तो खाली उतरला, तर दोन्ही पाय मांडीपर्यंत चिखलात गेले. होडी त्याच्या हातातून सुटून दहा-बारा हात लांब जाऊन थांबली. चक्कर नाही, रक्तदाब नाही, नुसता चिखल. मग पाणी चढायला लागलं. आम्ही पोचलो तेव्हा ते हळूहळू त्याच्या खांद्याकडे निघालं होतं.

"कवरा टाइम लावलास गं?" तो मला म्हणाला. कुठल्या तरी लग्नाला मी उशिरा पोचले असावे, अशा आवाजात.

त्याला काढायला बराच वेळ लागला. पंढरी पाण्यात उतरून त्याच्या पायाभोवतीचा चिखल हाताने उकरत होता, मी आणि आई वरून काखेत हात घालून ओढत होतो. एक पाय सुटला, मग दुसरा. होडीत घेतला तेव्हा तो कमरेखाली काळाठिक्कर होता, ओठ निळे, आणि तरी तो अगदी शांत होता. आईने पदराने त्याचं तोंड पुसलं. पंढरीने आपला सदरा त्याच्या अंगावर टाकला. बाची होडी मागे बांधून आम्ही निघालो.

पंढरीने वल्हवताना त्याला विचारलं की मी नऊ वाजता इथूनच गेलो, मला हाक का नाही मारलीस. तिवरांच्या आडून तू दिसला नाहीस, पण ओरडला असतास तर ऐकू आलं असतं.

"दिसला ना तू मना," बा म्हणाला. "हाक नाय मारली. म्हटलं, पोरीला समजलंय. ती निंगालीच असंल. डबी वाजत व्हती की, मना तिथनं होरी डुलताना दिसत व्हती."

मग तो पंढरीला समजावून सांगायला लागला. सुरुवातीला तो चिखलात पाय हलवून बघत होता, पण जितकं हलावं तितकं खाली जायला होतं. मग त्याने हलणं सोडलं. होडीकडे बघत राहिला. पाणी पोटाला लागलं तेव्हाही त्याला भीती वाटली नाही. मंदा काय करत असेल, चप्पल घातली असेल, तुझ्या दारात आली असेल, असा एकेक हिशेब तो मनात करत होता. पोरीने काय चीज बनवलीय, तो म्हणाला, तुम्ही सगळे हसत होतात.

पंढरी माझ्याकडे बघायला लागला. मी सकाळभर रिकाम्या होडीचा आवाज ऐकत बसले होते, हे आईने त्याला त्याच्या दारातच सांगितलं होतं. मी मान खाली घातली. मला वाटलं, गप्प बसावं. म्हातारा वाचलाय, त्याला त्याच्या पोरीचं कौतुक करू द्यावं. पण तो उद्या ना परवा पुन्हा जाणार होता, आणि पुन्हा कुणी समोरून गेलं तर पुन्हा हाक मारणार नव्हता. आईने वल्हं मारता मारता माझ्याकडे न बघता म्हटलं, सांग त्याला.

मी सांगितलं. आवाज आला, बा, सकाळभर आला. पण तो ऐकून मला वाटत होतं की तू काम करतोयस. मी भाकऱ्या केल्या, कपडे वाळत घातले. मला काही कळलं नव्हतं. आई बाजारातून आली आणि तिला कळलं. ती आज अजून तासभर बाजारात बसली असती तर आम्ही आलोच नसतो.

बा माझ्याकडे बघत राहिला. त्याला ते समजायला वेळ लागला, की समजून घ्यायचं नव्हतं, मला सांगता येणार नाही. रेडिओ माझ्या मांडीवर होता. मागे बांधलेली होडी आमच्या लाटांवर डुलत होती आणि तो वाजत होता. मी तो बंद केला.

"म्हंजे," बा म्हणाला, "इतका टाइम मी एकलाच व्हतो?"

मी हो म्हटलं. त्याने वळून तिवरांकडे पाहिलं. फांद्यांची टोकं तेवढी पाण्याच्या वर होती. तोवर त्याचे हात गुडघ्यांवर स्थिर होते. ते थरथरायला लागले, मग खांदे, मग सगळं अंग. आईने वल्हं टाकलं आणि दोन्ही हातांनी त्याला धरून ठेवलं, बंदर येईपर्यंत.